ठासणीची बंदूक घरात येते

घरात नवी वस्तू आली की तिच्यामागून किस्से येतात, ते आवरायचं काम मात्र बाईकडंच येतं. आमच्याकडं बंदूक आली तेव्हा शकू अडीच वर्षांची होती. दिसेल ते उचलायची, सापडेल ते तोंडात घालायची. त्या दिवसांत माझी झोप पुरत नव्हती, किस्से मात्र पुरून उरले. अजून कुणी पाहुणा आला की आबा, म्हणजे माझे सासरे, ते सांगायला बसतात. चहा मी करते.

०

माझं माहेर जळगावचं, सासर पिंपळनेरजवळच्या खेड्यात. डोंगराला लागून शेत, त्यात भुईमूग. आदल्या साली रानडुकरांनी निम्मा भुईमूग उकरून खाल्ला, तेव्हा आमच्या ह्यांनी ठासणीच्या बंदुकीचं लायसन काढलं.

लायसन आलं आणि ओट्यावर सल्लागार जमले. त्यात पुढं शेजारचे नाना, पोलिसात हवालदार होते ते. नाना म्हणाले, "नळी आखूड घ्या. लांब नळी दारात अडकते." आबा म्हणाले, "दुनळी ल्या. एक चुकनी ते दुसरी शे!" ह्यांना नेम धरून मारणारी रायफल हवी होती. दस्ता कुठल्या लाकडाचा, घोडा कडक की मऊ, चार दिवस तेच चाललं.

मला बघायला आले होते तेव्हा दोनच प्रश्न विचारले होते. स्वयंपाक येतो का, आणि शिकली किती? मी "सातवी" म्हटलं, आणि लग्न ठरलं!

०

धुळ्याला दुकानात सगळे गेलो. मी हट्टानं गेले. जी वस्तू माझ्या पोरीच्या घरात राहणार, ती मला आधी बघायची होती.

आबांनी आयुष्यात बैलांशिवाय मोठी खरेदी केली नव्हती. त्यांनी बंदुकीच्या पाठीवरून हात फिरवला, दस्त्यावर थाप मारली, नळीत असं डोकावले की वाटलं आता दात मोजणार. मग खांद्यावरचा रुमाल काढून शेठजींच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्यांची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो. बोटं दाबायची, तोंडानं बोलायचं नाही.

शेठजी घाबरले. "आबा, हात का धरलाय? भाव तर पाटीवर लिहिलाय!"

आबांनी पाटीकडं तुच्छतेनं पाहिलं. "पाटी ते बठ्ठा गाव वाचस. मंग त्याले भाव कसा म्हणतस?"

०

शेठजींनी तीन बंदुका समोर मांडल्या. पुरुषमाणसं त्यांवर वाकली. शकूला कडेवर घेऊन मी मागं उभी होते. हात भरून आला होता, घरी परतायची मोटार चुकेल की काय ही काळजी वेगळीच. शेवटी मीच विचारलं, "शेठजी, ह्यांतली कुठली भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो?"

वाकलेली डोकी वर आली.

"बाई," शेठजी म्हणाले, "लवकर कुठली भरते, हे सगळे विचारतात. तुम्ही पहिल्याच!" मग त्यांनी सगळ्यात लांब रायफल पुढं सरकवली. "हिच्या नळीला आतून पीळ पाडलेत. तोंडातून आधी बंदुकीची दारू ओतायची, वरून गोळी. ती घट्ट बसते, तेलकट चिंधीत गुंडाळून गजानं ठोकत ठोकत खाली न्यावी लागते. मोठ्या माणसाला घाम फुटतो."

"हीच द्या," मी म्हटलं.

आपली बायको आपल्याच बाजूची निघाली म्हणून हे खूश. नाना तेवढे कळवळले. "अहो वहिनी, ही भरून होईपर्यंत डुक्कर जेवून, हात धुऊन जाईल!"

"जाऊ द्या की," मी म्हटलं. "पोर तर राहील."

०

दारूचा डबा उंच ठेवा, एवढंच मी सांगितलं होतं. सासूबाईंनी तो खरंच उंच ठेवला. दुसऱ्या दिवशी चूल पेटवून तवा टाकला, वर पाहिलं, तर डबा चुलीवरच्या शिंक्यात, मिठाच्या मडक्याशेजारी!

मी तवा तसाच टाकला, शकूला उचललं आणि बाहेर निंबाखाली जाऊन बसले. सासूबाई दारात आल्या. "काय व्हयनं वं?"

"आत्याबाई, तो डबा!"

"आव्वं, पावसाळामां मीठ आठेच कोरडं ऱ्हास. दारू बी ऱ्हाई!"

डबा तिथून हलेपर्यंत मी घरात पाऊल टाकलं नाही. पुरुषमाणसं शेतातून आली, त्यांनी रिकाम्या परातीकडं पाहिलं आणि मुकाट्यानं डबा गुरांच्या वाड्यातल्या कोनाड्यात नेला. त्या दिवशी घरात सगळे उपाशी आणि दारू कोरडी!

०

गोळीच्या चिंधीला जुनं, मऊ, धुऊन धुऊन विरलेलं कापड लागतं. असं कापड आमच्या घरात एकाच माणसाकडं होतं. ऐन पावसात शकूची लंगोटी वाळत नव्हती आणि वाळलेली दोरीवरून नाहीशी होत होती. मला वाटलं, कुत्रं नेतंय.

मग एकदा ह्यांनी डुकरांवर बार काढला. डुक्कर सुखरूप गेलं. भुईमुगात मात्र अर्धवट जळालेला तुकडा सापडला. कडेची निळी टीप माझ्याच हातची! मी तो ह्यांच्यासमोर धरला. हे काही बोलायच्या आत सासूबाईंनी तो घेतला आणि समाधानानं म्हणाल्या, "चला! पोरनी नजर उतरी गयी!"

०

रायफल लांब, म्हणून खुंट्यांवर मावेना. ती कोपऱ्यात बाजरीच्या पोत्यांशेजारी उभी राहायची. हे ती भरायचे तेव्हा शकू पोत्यांवर चढून बघायची. ती भरलेली आहे की रिकामी, हे मी कुणाकुणाला विचारणार? मी एक युक्ती केली. नळी रिकामी असताना गज आत सोडला आणि नळीच्या तोंडाशी गजावर काजळाची रेघ ओढली. रेघ तोंडाशी आली तर रिकामी, वर राहिली तर भरलेली. शकूच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तशी मी रोज बंदूक बघायची.

एके दिवशी दुपारी आत गेले तर गज आधीच नळीत उभा, आणि रेघ चांगली वीतभर वर!

मी ओरडले. शकूला कडेवर घेतलं, सासूबाईंना हाताला धरून बाहेर काढलं. हे धावत आले. "अगं, रिकामी आहे! परवाच मी बार काढून ठेवलीय, तुझी शपथ!"

"माझी नको, रेघेची घ्या!"

नाना आले. त्यांनी रायफल अंगणात आणली, तोंड डोंगराकडं करून आडवी ठेवली. घोड्याखाली बघितलं. तांब्याची टोपी नव्हती. घोडा त्या टोपीवर आपटला तरच बार उडतो, म्हणून नानांनी श्वास सोडला. मी नाही सोडला.

मग नळीत वाकडी तार घालून ह्यांनी उकरायला सुरुवात केली. आधी एक सुपारी घरंगळत आली. सासूबाई म्हणाल्या, "हाई ते मनी शे!" तिच्यामागून तेलाच्या चिंधीचा बोळा आला. मग रायफल उलटी धरून हलवली, तशी बाजरी भुरभुरत पडली. चांगली मूठभर.

कडेवरून शकूनं खाली पडलेल्या बाजरीकडं पाहिलं आणि भोकाड पसरलं. केलेलं काम मोडलं की मोठी माणसंही अशीच रडतात.

आबा उकिडवे बसले. बाजरी, बोळा, सुपारी अशी ओळीनं मांडली. ओळीकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"बठ्ठं बरोबर भरेल शे," ते ह्यांना म्हणाले. "फक्त टोपी ऱ्हायनी."