ब्रेकवर पाय नको

माझं शेवटचं पोस्टिंग आयर्लंडमधल्या लिक्सलिपला झालं. हुकूम मुलाचा, मुक्काम तीन महिने, काम काहीच नाही. फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपमधून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती. साल २००६. मुलगा नितीन तिथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. मी आणि बायको सुमन पोहोचलो, तेव्हा त्याच्या दारात एक जुनी कॅरॅव्हॅन उभी होती, म्हणजे चाकांवरची खोलीच, आणि ती ओढायला तितकाच जुना पिकअप. ऑगस्टच्या सुट्टीत सगळ्यांनी कॉर्कच्या पुढे समुद्रावर जायचं ठरलं होतं.

नितीनने हौसेने कॅरॅव्हॅन जोडून दाखवली. पिकअपचं बूड खाली बसलं, तोंड वर आलं.

"पुढची चाकं हलकी झाली," मी म्हणालो. "तू स्टिअरिंग वळवशील आणि गाडी सरळ जाईल. यात सूनबाईला आणि तन्वीला बसवणार?"

"बाबा, इकडे सगळे असंच ओढतात."

"सगळ्यांत माझी नात नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथल्या मेकॅनिकच्या, डेक्लनच्या, गॅरेजमध्ये गेलो. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, तिला आम्ही पाटे म्हणतो. मेन पाटा थकून सपाट झाला होता. डेक्लनने तो बदलला, एक जादा पाटा घातला, शॉकअब्सॉर्बर नवे टाकले. पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट मी स्वतः आवळले, कारण दुसऱ्याने आवळलेल्या बोल्टवर मला झोप येत नाही.

"ग्रँड," डेक्लन म्हणाला. तिकडे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, 'चालेल' एवढंच. मग त्याने बजावलं, की जड सामान कॅरॅव्हॅनच्या चाकांवर ठेवा, थोडा भार पुढच्या नाकावर, म्हणजे पिकअपच्या जोडणीवर, येऊ द्या, मागच्या टोकाला काही नको. नितीनने निघायच्या आदल्या दिवशी सामान तसंच लावलं.

सकाळी पाहतो तर पिकअप आदल्या दिवसापेक्षाही ताठ उभा. मला पाट्यांचा अभिमान वाटला. जवान सलामीला उभा राहावा तसा दिसतोय, असं मी सुमनला म्हणालोसुद्धा.

नितीन गाडी चालवत होता, मी शेजारी. मागे सुमन, सूनबाई अश्विनी आणि मधे सात वर्षांची तन्वी. रस्ता ओला. दोन तास काही घडलं नाही. मग एक लांब उतार लागला आणि एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याने कॅरॅव्हॅन डावीकडे गेली, परत आली, उजवीकडे गेली. दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा होता, तिसरा त्याहून मोठा. तिने पिकअपचं बूड धरून हलवायला सुरुवात केली. समोरून गाड्या येत होत्या.

"बाबा!"

"ब्रेकवर पाय नको."

"पण बाबा..."

"नको! अ‍ॅक्सिलरेटर सोड. स्टिअरिंग सरळ धर. झोक्याच्या मागे लागू नकोस."

त्याचा पाय ब्रेकवर गेलेला मी पाहिला. मी हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि आवाज वर्कशॉपमधला लावला.

"नितीन. पाय उचल."

त्याने उचलला. आरशात कॅरॅव्हॅनची एक बाजू दिसे, मग दुसरी. अश्विनी तन्वीला आवळून बसली होती. मी घाबरलो होतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. वेग हळूहळू उतरला. उतार संपला. झोके लहान झाले, मग थांबले. पुढे रस्त्याकडेला मोकळी जागा होती.

"हॉल्ट," मी म्हणालो.

उतरून आधी पाटे पाहिले, मग बोल्ट. सगळं जागेवर. मग कॅरॅव्हॅन सोडवली आणि तिचं नाक उचलून पाहिलं. एका हाताने उचललं गेलं. मी मागचं दार उघडलं. दहा किलो कणीक, तांदूळ, कुकर, पाण्याचा कॅन, चपलांची पिशवी, सगळं अगदी मागच्या टोकाला रचलेलं. पुढच्या कपाटात, ज्याला आमची तन्वी तिकडच्यासारखं प्रेस म्हणते, फक्त देव होते. चांदीचा गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण.

"हे कोणी हलवलं?"

"मी," सुमन म्हणाली. "देवांच्या डोक्यावर कुकर आणि शेजारी चपला? मला नाही बाई चाललं. म्हणून पहाटे सगळं मागे नेलं."

म्हणजे पिकअप ताठ उभा होता तो पाट्यांमुळे कमी आणि देवांमुळे जास्त. मला हसूही आलं आणि रागही. पण रागवायची ही वेळ नव्हती. मी नाकाचा भार समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं, देव उचलले आणि पिकअपमध्ये जाऊन बसली.

"देव माझ्या मांडीवर येतील. कणीक कुठे ठेवायची ती ठेवा."

आम्ही सामान चाकांवर आणलं. अश्विनीने थर्मासमधला चहा ओतला. नितीनने कप बॉनेटवर ठेवला.

"बाबा, ब्रेक मारायचा नाही हे तुम्हाला कुठे शिकवलं?"

"शिकवलं नाही. पाहिलं."

मग मी सांगितलं. डोंगरातला उतार होता. आमचा कॉन्व्हॉय खाली येत होता आणि पुढच्या गाडीमागे जनरेटरचा ट्रेलर होता. गाडी नायक दत्तूची. मी मागच्या गाडीत, हातात रेडिओ सेट. ट्रेलर झोकांड्या खाऊ लागला. अशा वेळी ब्रेक मारला की मागचं ओझं पुढच्या गाडीला ढकलून आडवं करतं.

"तीन नंबर, ब्रेक सोड. ओव्हर."

उत्तर नाही.

"दत्तू, ब्रेक सोड! ओव्हर."

त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. सेट ऐकायला, उचलायला त्याला सवड कुठे होती? ब्रेकचे लाल दिवे मला दिसत होते. गाडी कठड्यावरून गेली तेव्हाही ते पेटलेलेच होते. तो चोवीस वर्षांचा होता, लग्न ठरलेलं होतं आणि वर्कशॉपमध्ये त्याच्याएवढं मोठ्याने कोणी हसत नसे. नितीनच्या गुडघ्यावर मला हात ठेवता आला. दत्तूपर्यंत माझा हात पोहोचला नाही.

सुमनने देवांवरचा हात काढून खिडकीतून माझ्या खांद्यावर ठेवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे नाव तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"वॉज ही युअर फ्रेंड, आजोबा?" तन्वीने विचारलं.

"हो. दत्तू त्याचं नाव. म्हण बघू."

"डाटू."

"दत्तू."

तिने ओठ हलवून मनात एकदा म्हणून पाहिलं. मग मोठ्याने म्हणाली, आणि या वेळी बरोबर म्हणाली.