माझ्या गोधडीत गाठी कुणाच्या?

मैत्रिणींनो, आज माझ्याच घरात चोर पकडला.

नातीला नाताळला द्यायची गोधडी मी यंदा ऑगस्टातच शिवायला घेतली. आज सकाळी उलटून पाहिली, तर मागे गाठीच गाठी! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर गाठ दिसली की बोटांवर पट्टी मारायच्या. मी जन्मात दोऱ्याला गाठ मारत नाही, उलटा टाका घालते. मग ह्या गाठी कुणाच्या?

दुपारी झोपेचं सोंग घेतलं. सूनबाई आली, माझी टाक्यांची अख्खी ओळ उसवली आणि नव्याने शिवू लागली.

"वंदना, काय चाललंय?"

ती दचकली. "आई, तुमचे टाके वाकडे जाऊन राह्यले. मोतीबिंदू काढून काऊन नाही घेत?"

"आधी गोधडी. ऑपरेशन नाताळ झाल्यावर."

"हाव, मालूम आहे. म्हणून तं चोरून शिवून राह्यली."

मी सुई हिसकावून घेतली. पण दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. तिने ओवून दिला.

राग अजून गेलेला नाही. पण मला एक सांगा, ही गोधडी आजीने शिवली, असं नातीला मी कोणत्या तोंडाने सांगू?