सगळ्या गावाची आठ जून

माझ्या शिलाईच्या दुकानाला लागूनच शकीलभाऊचं टायपिंगचं दुकान आहे. पिंपळगाव राजात याच्याइतका गोड बोलणारा माणूस नाही आणि याच्याइतका आळशीही नाही. आळशी म्हटलेलं त्याला चालत नाही. "ताई, एकच काम दोन डाव करनं हा गुन्हा हाय," असं तो मला सांगतो, आणि मी तेव्हा एकाच ब्लाउजची बाही तिसऱ्यांदा उसवत असते.

त्याच्या जुनाट कॉम्प्युटरवर चित्रंबित्रं काही नाहीत, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं एवढंच. प्रत्येकाचा अर्ज वेगळ्या फाइलीत. एखादा शब्द सगळ्यांच्याच अर्जात बदलायचा झाला तर तो 'सेड' नावाची आज्ञा देतो: हा शब्द काढ, त्या जागी तो घाल, साऱ्या फाइलींमध्ये. एक ओळ लिहायची आणि एंटर मारायचं. कार्यालयाचा पत्ता बदलला, तेव्हा गावभराच्या अर्जांतला पत्ता त्याने मी सुईत दोरा ओवेपर्यंत बदलून टाकला होता. मी नाक मुरडलं, पण मनातून मला त्याचं फार कौतुक वाटलं.

त्या वर्षी बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी निघाली. अळी लागणार नाही म्हणून जे बियाणं घेतलं, त्याचीच बोंडं आतून सडली. नुकसानभरपाईचे अर्ज करायला सारं गाव शकीलभाऊच्या बाकावर येऊन बसलं. माझंही थोडं वावर होतं त्यात. पेरणी कधी केली, असं विचारलं की जो तो सांगायचा, मृगात. आमच्याकडे पेरणी नक्षत्रावर चालते, तारीख कोण ध्यानात ठेवतो? कार्यालयाला मात्र तारीखच हवी होती. शकीलभाऊने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मृग लागतो आठ जूनला. त्याने एक ओळ लिहिली, सगळ्या फाइलींतलं 'मृगात' काढून 'आठ जून' घातलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

अर्ज परत आले. तालुक्याच्या साहेबांनी शकीलभाऊलाच बोलावून विचारलं, अख्खं गाव एकाच दिवशी पेरतं का? त्या दिवशी तर तुमच्याकडे पाण्याचा थेंब नव्हता. सोमवारपर्यंत खऱ्या तारखा आणा, नाहीतर साऱ्या गावाचे अर्ज खोटे धरावे लागतील.

शकीलभाऊ येऊन बसला तो तोंड पाडूनच. अर्जांच्या जुन्या प्रती त्याने जपून ठेवल्या होत्या, पण त्यात तरी काय होतं? मृगात. चांगलं पंधरवडाभर चालणारं नक्षत्र. "ताई, म्या साऱ्या गावाले खोटं पाडलं," तो म्हणाला. मला त्याचा रागही आला होता आणि कीवही येत होती. "मंग बसून काऊन राह्यला? चाल घरोघर," असं म्हणून मी मशीन झाकलं आणि त्याच्याबरोबर निघाले.

तारीख कोणालाच सांगता येईना, दिवस मात्र सगळ्यांना आठवत होता. त्या साली मृग रमजानमध्ये आला होता, हे आमचं नशीब. विमलबाई त्याला म्हणाल्या, "कुरान पुरं झालं म्हनून मशिदीत वाटलेली मिठाई तू सकायी आनून देली, त्याच दिवशी आमी सरकी टोबली." टोबणं म्हणजे हाताने एकेक बी मातीत घालणं. शेषरावांच्या वावरात बाया टोबत होत्या त्या दिवशी शकीलभाऊ रस्त्याने चालला होता. शेषरावांनी पाणी विचारलं आणि त्याने रोजा आहे म्हणून नाही म्हटलं, भरीला नमाजाला जाताना लावलेल्या अत्तराचा वास, म्हणजे पाऊस पडल्यावरचा पहिला शुक्रवार. शकीलभाऊ सहरी-इफ्तारीच्या, म्हणजे रोजा धरायच्या-सोडायच्या वेळांचा छापील तक्ता काढी आणि दिवसावरून तारीख लावी. गावाने त्याला एका शब्दाने टोचलं नाही. उलट चहा पाजला.

शेवटी उरले उकंडराव. हा म्हातारा देवाशीही भांडेल. "माही आठ जूनच राहू दे," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

"काका, तुमच्या एका खोट्या तारखेनं साऱ्याइचे अर्ज अटकतीन," शकीलभाऊ काकुळतीला आला.

म्हाताऱ्याने तोंड वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "अर्धं वावर टोबून झालं होतं. तितक्यात तुही माय गेल्याचं समजलं. बाया घरी धाडल्या अन् मातीले आलो. उरलं ते दुसऱ्या दिवशी टोबलं. हे काय सांगाची गोष्ट हाय बे?"

शकीलभाऊची आई, आमच्या जहांआराचाची, त्याच रमजानमध्ये गेल्या होत्या. मयतीच्या गर्दीत उकंडराव होते की नव्हते, हे शकीलभाऊने पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. या वेळी त्याने तक्ता काढला नाही. ती तारीख त्याला कोणाला विचारावी लागणार नव्हती. मला रडू आलं आणि मी खुशाल रडले.

सोमवारी साहेबांनी एकेक अर्ज पाहिला आणि उकंडरावांच्या अर्जावर बोट ठेवलं. "एका वावराला दोन तारखा कशा? यातली एक काढा."

"साहेब, काढता येत नाही," शकीलभाऊ म्हणाला. "पहिल्या दिवशी ते अर्ध्यातून उठून माझ्या आईला खांदा द्यायला आले होते."

साहेबांनी दोन्ही तारखा तशाच ठेवल्या आणि गावाचा गठ्ठा पुढे पाठवला.