परातीतला पूर्वेचा वारा

सरांच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी सरगूरला आईजवळ होतो. "काका गेले," एवढंच तो म्हणाला... मी मैसूरला पोचेपर्यंत सगळे थांबले होते. स्मशानात पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन पुतण्या सवयीने देवळात फिरतो तसा निघाला, तर भटजी ओरडले, "उलटं, उलटं फिर!" आणि चितेसमोर उभ्या उभ्या मला सरांची परात आठवली.

मी शिंप्याचा मुलगा, घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. इंग्रजीतले तास डोक्यावरून जात. सर भौतिकशास्त्र शिकवायचे. एकदा वर्गाबाहेर त्यांनी मला घरच्या मराठीत विचारलं, "काय रे, कळतंय की नुसती मान हलवतोस?" मी खरं सांगितलं. त्या संध्याकाळपासून त्यांच्या मागच्या पडवीत माझी शिकवणी सुरू झाली. मराठीत, अडलं की कन्नडात. मी पदवीधर झालो तो त्या पडवीमुळे.

तिथेच एका मोडक्या फिरत्या खुर्चीच्या पायावर ॲल्युमिनियमची मोठी परात बसवलेली होती. ढगांच्याही वर वाहणारे वारे सरांना त्या परातीत बघायचे होते. मधोमध बर्फाचा डबा म्हणजे उत्तर ध्रुव, कडेचं कोमट पाणी म्हणजे आपला उष्ण प्रदेश, पाण्यावर चंदेरी पूड. परात सावकाश फिरवायची. कडेवरच्या लाल खुणेच्या पुढे पूड धावली तर पश्चिमेचा वारा, मागे पडली तर पूर्वेचा. पहिल्या दिवशी मी ती फिरवली प्रदक्षिणेच्या दिशेने! दारातून काकू हसल्या. सर म्हणाले, "अरे, देव नाही तो. पृथ्वी ध्रुवावरून बघितली तर उलटी फिरते." पण लहानपणापासूनचा हात, तो ऐकेना. मग माझं मनगट धरून सर फिरवू लागले, "निधान, निधान... सावकाश, घाई नको."

हिवाळ्यातला पश्चिमेचा वारा लगेच जमला. पूड खुणेच्या पुढे गेली, नदीसारखी वळणं घेत. मी हरखलो. सरांना मात्र पावसाळा हवा होता. त्या दिवसांत आपल्या डोक्यावर फार उंच, पूर्वेकडून वाऱ्याचा अरुंद, वेगवान पट्टा वाहतो. उत्तरेकडची जमीन तापते, म्हणून मधे गरम पाण्याचा डबा आणि कडेला बर्फ. पूड मागे पडायची, पण पट्टा होत नसे. भांडंभर पसरून विरून जायची. सरांनी डबे बदलले, पाणी कमी-जास्त केलं, वेग बदलला. सहकारी सांगत, परातीला डोंगर नाहीत, पाणी म्हणजे हवा नव्हे, यात एवढंच दिसणार. एक जण तर भेटला की विचारी, "काय सर, परातीत पाऊस पडला का?" सर हसत. काकू वैतागत, "साकु, पुरे आता! पाहुण्यांच्या सरबताला बर्फ उरत नाही."

मी नोकरीला लागलो, सर निवृत्त झाले, काकू गेल्या. वाऱ्यांची गणितं संगणक करू लागले. तरी दर पावसाळ्यात मी जायचो आणि आम्ही परात लावायचो. गेल्या खेपेला सरांना फारसं दिसत नव्हतं. ते खुर्चीत, मी परातीशी.

"पट्टा दिसतो का रे?"

हो म्हणावंसं फार वाटलं... "नाही, सर. पसरलंय सगळं."

"बरं," ते म्हणाले. "डबा उतरव. हात भाजून घेऊ नकोस."

पुन्हा त्यांनी परातीचं नाव काढलं नाही.

तेराव्यानंतर घर रिकामं करताना पुतण्या ती भंगारात द्यायला निघाला होता. मी घेऊन आलो. एकदा पाणी भरून, मधे गरम डबा ठेवून बघितलंही. पूड पसरली आणि विरली, तशीच... पाणी मोरीत ओतून दिलं. आता परात कोरडी, गॅलरीत आहे. येता-जाता माझा हात तिला लागतो आणि नकळत प्रदक्षिणेच्याच दिशेने ढकलतो. ती फिरते, कुरकुरते, थांबते. मनगट धरायला कुणी येत नाही.