एकदाच धुतलेली पानं

तात्याबा शेळके गेले त्याला आता पाच आठवडे झाले. त्यांच्या ज्वारीबद्दल आज जे लिहितो आहे ते मी कालपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं, घरातसुद्धा नाही. बातमी आली तेव्हा मी प्रयोगशाळेतच होतो. कर्जतच्या एसटीतून उतरून आलेला त्यांचा पुतण्या दारातूनच म्हणाला, काका गेले, छातीत कळ आली. मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं... आणि खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता ते विचारणार नाहीत. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

तात्या आमच्या संशोधन केंद्रावर शेतमदतनीस होते. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, तरी मला सर म्हणायचे. त्यांच्या मुरमाड रानात एका कोरड्या वर्षी ज्वारीची चार-दोन ताटं तेवढी हिरवी राहिली होती. त्यांचं बी त्यांनी धरलं आणि पुढे आठ वर्षं दर हंगामात कणसं निवडून वाढवत आणलं. केंद्राच्या साहेबांच्या मागे लागून लागून बहात्तरच्या रब्बीत ते चाचणीत घ्यायला लावलं. एकूण सहा वाण होते, तात्यांचा सहावा. पाण्याचा ताण कुणाच्या पानांनी किती सोसला, हे मी सांगायचं होतं.

रीत साधी होती. पानाचे बारीक तुकडे निळ्या रंगाच्या द्रावणात ठेवायचे, मग धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही. ताणानं जिचं आवरण फाटलं ती निळी होते. तात्यांनी पहिल्यांदा डोळा लावला. मग म्हणाले, "मानसाच्या उलटंच हाय की सर. आपल्यात जित्याला रंग चढतो, हितं मेल्याला." माझी बोटं निळी दिसली की, यंदा रंगपंचमी लवकर आली का, असं रोज विचारायचे. या रीतीत एकच पथ्य. तुकड्यांना चिकटलेला रंग, पाणी नितळ येईपर्यंत, पाच-सहा वेळा धुऊन काढावा लागतो. नाहीतर जिवंत पानही निळंच दिसतं.

त्या हिवाळ्यात केंद्राचे नळ कोरडे होते. टँकरनं भरलेल्या पिंपावर प्रयोगशाळा चालायची. पाच वाणांचे तुकडे मी नीट धुतले. सहाव्याची पाळी आली त्या शनिवारी पिंप तळाला गेलं होतं, आणि साडेचारला माझी संगमनेरची गाडी होती. महिन्याभरानं घरी निघालो होतो. तात्या दारात उभे होते.

"सर, हिरीवरनं घागरभर आनतो. अर्ध्या घंट्यात आलोच."

"नको," मी म्हटलं, "एवढ्यात होतंय."

तुकडे वाटीभर पाण्यात एकदाच खळबळले आणि काचेवर घेतले. निळेच निळे दिसले. चाचणीच्या रानात त्या ज्वारीची पानं शेवटपर्यंत उभी होती, ती मी रोज पाहत होतो. तरी मोजलं, लिहिलं, आणि गाडी पकडली.

सहावा वाण वगळला गेला. तात्यांना निवडीच्या कामावरून काढून गोदामात पोती मोजायला बसवलं. मी त्यांचं सांत्वन करायला गेलो, तर तेच मला समजावायला लागले. "तुमी काय करनार? रंग खोटं बोलंल व्हय?"

पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं. मनातून एक शंका जात नव्हती. विहिरीशेजारच्या तजेलदार ज्वारीचं एक पान तोडून आणलं, रंगात ठेवलं, मुद्दाम एकदाच धुऊन पाहिलं. निळं. तोच तुकडा आणखी पाच वेळा धुतला. रंग निघून गेला... एकेक पेशी स्वच्छ, जिवंत. मी भांडी धुऊन जागेवर ठेवली. तात्या वीस पावलांवर गोदामात होते. दोनदा तिथवर गेलो. सांगायचं काय? की मला गाडी पकडायची होती? दोन्ही वेळा इकडचं तिकडचं बोलून परत आलो. त्यांची ज्वारी खरोखर तगली होती की नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण ती मेली असं म्हणायला मला काही आधार नव्हता.

दहाव्याला मी कर्जतला गेलो. माणसं पांगल्यावर त्यांच्या पत्नी, गयाबाई, जवळ येऊन बसल्या. वाण वगळल्याचं कळलं त्या आठवड्यात ते घरी आले, म्हणाल्या, आणि बियाण्याची मडकी स्वतःच उतरवली. दुष्काळच होता. "आठ वर्सं एक दाना खाऊ दिला न्हाई, आन् त्या दिशी म्हनले, समदं दळून आन." मग त्यांनी विचारलं, "सर, तुमीच तपासलं हुतं न्हवं? त्यांचं निवडायचं काय चुकलं हुतं?"

आता ते कशाला काढायचं, असं काहीतरी पुटपुटून मी उठलो.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकलो मी. केंद्राला तसं पत्र काल दिलं आहे. गयाबाईंना वाचता येत नाही; त्यांच्यासमोर बसून हे तोंडानं सांगणं माझ्याकडून बाकी आहे.