पार्वतीकाकीची केळबाग

तिलारीच्या खोऱ्यातून आमची जीप चालली होती. दोन्ही बाजूंना सुपारी आणि काजू, मधेच रबराच्या रांगा, आणि वर ढगांत शिरलेला हिरवागार डोंगर. मी खिडकीतून नुसता बघत होतो. एका वळणावर मात्र सगळी बाग आडवी झालेली दिसली. केळी मुळासकट उपटून पडल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये साठीची एक बाई वाकून काम करत होती.

"काल पहाटे हत्ती इले," ड्रायव्हर म्हणाला. "पार्वतीकाकीची बाग ती. तिसऱ्यांदा मोडली."

जीप थांबवून मी बांधापर्यंत गेलो. आणि उगाच शहाणपणा केला. "काकी, हत्ती पुन्हा येणारच. मग परत कशाला लावता? खाली गावात जाऊन राहा ना."

तिने पाठ सरळ करून माझ्याकडे पाहिलं. "येतले ना. त्यांका भूक लागता, तशी माका पण लागता. ते रान सोडूचे नाय. मग मीच माझी जागा कित्याक सोडू?"

ती रडेल, निदान नशिबाला तरी बोल लावेल, असं मी धरून चाललो होतो. मला माझ्या कीव करण्याचीच लाज वाटली. डोंगर बघायला येणं सोपं असतं. डोंगरात राहणाऱ्याला आपली जागा पुन्हा पुन्हा मिळवावी लागते.

"उभो कित्याक रवलस? तो कोंब दी माका."

मी केळीचा कोंब उचलून दिला. समोर हत्तीच्या पावलाचा खोल, ओला खळगा होता.

"खणूचो तरास वाचलो," म्हणत तिने तो त्यातच रोवला आणि टाचेनं माती घट्ट दाबली.