मोठ्या अक्षरांचे रविवार

पांढुर्ण्याहून निरोप घेऊन भाचा सौंसरला माझ्या शाळेत आला, तेव्हा मी मुलींना कॉम्प्युटर सुरू करून दाखवत होते. तो दारात नुसता उभा राहिला. "आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणाला. मी आधी मशीन नीट बंद केलं, मग रडले. माझ्या या शिस्तीवरून दादा मला जन्मभर चिडवत आला होता... आज त्यानं चिडवायला हवं होतं.

मधुकरदादा माझा थोरला भाऊ. पांढुर्ण्याच्या आमच्या मोहल्ल्यात विहाराच्या ओट्यावर रोज सकाळी तो मोठ्यानं पेपर वाचायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं ते यायचेच, पण येत होतं तेही यायचे. कापसाचा भाव पडल्याची बातमीसुद्धा तो अशी वाचायचा की लोक हसत घरी जात. मग शुगरनं त्याचे डोळे खाल्ले. चष्मा बदलून आता उपयोग नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. सून पेपर घेऊन बसली, तर हा उठून आत गेला. "मी वाचून दाखवणारा माणूस आहो. मले कोणी वाचून दाखवू नका." ओट्यावर जाणं थांबलं, जेवण तुटलं. वाचन सुटलं तर हा माणूस टिकत नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

त्याच सुमारास शाळेत कॉम्प्युटर आला होता. एक हुकूम टाईप केला की पडद्यावरची अक्षरं अंगठ्याच्या नखाएवढी व्हायची. ओळीत मात्र मोजकीच मावायची. एका रविवारी मी दादाला बसनं बोलावून घेतलं. त्या यंत्राला मराठी येत नव्हती, म्हणून पेपरातली बातमी इंग्रजी अक्षरांत उतरवली. कापसाच्या जिनिंगमधल्या कारकुनीमुळे ती अक्षरं दादाच्या ओळखीची होती. त्यानं नाक काचेला टेकवलं. "सं... संत्र्या... संत्र्याचा..." आणि एकदम ओरडला, "शकू, मी वाचून राहिलो व!" मला त्याच्याकडे पाहवेना.

पावसाळाभर आमचे रविवार चालले. थंडी पडली तेव्हा एकदा तो वाचू लागला, "तिगावला आता मेल गाडी थांबणार." मी तर बोरगावच्या रस्त्याची बातमी लिहिली होती. यापेक्षा मोठी अक्षरं त्या यंत्रात नव्हती.

"बरोबर हाय ना?" त्यानं विचारलं.

"बरोबर," मी म्हणाले.

पुढच्या रविवारपासून मी बातम्या लिहिणं सोडलं. अक्षरं मोठी करायची आणि शेजारी बसायचं. रिकाम्या पडद्यावर एक जाड रेघ लुकलुकायची आणि दादा वाचायचा... तिगावला मेल थांबली, संत्र्याला भाव आला, मोहल्ल्यात नळ आले. टाईप करण्याचा आवाज बंद झालाय, हे त्याला कळलं नसेल? डोळे गेले होते, कान शाबूत होते. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. बसमध्ये चढताना तो फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवायचा.

मशीन बंद केलं की ते मोठी अक्षरं विसरतं. दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. परवा वर्गात ते सुरू केलं आणि माझ्या बोटांनी आपोआप तोच हुकूम दिला. पडदा रिकामा होता, जाड रेघ लुकलुकत होती.

"मॅडम, एवढे मोठे अक्षर कायले?" एका मुलीनं विचारलं.

"राहू दे थोडा वेळ," मी म्हणाले. "दादा वाचून राहिला."